टिलरचा गिअर आणि समुद्रापलीकडचे दुकान



तळेरे पंचक्रोशीतल्या एका शेतकरी बंधूंचे पत्र पुढ्यात आहे. पत्र लांब आहे, त्यातला मतलब असा : २०१८ साली त्यांनी चिनी बनावटीचा पॉवर टिलर घेतला. चार-पाच पावसाळे त्याने चिखलणी चोख केली. गेल्या लावणीत गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येऊ लागली. मेस्त्रीने पेटी उघडली तर एका गिअरचे तीन दात उडालेले. ज्या दुकानातून टिलर घेतला, तिथे आता त्या बनावटीचा मालच येत नाही. पुतण्याने मोबाईलवर शोधून काढले की चीनमधला एक दुकानदार तसाच गिअर २,९०० रुपयांना देतो. शेतकरी बंधू विचारतात, ‘मागवू का? पैसे बुडणार तर नाहीत? आणि मिरगापर्यंत हातात पडेल का?’

प्रश्न एका घराचा दिसला तरी एका घराचा नाही. देवगड-मालवणच्या होड्यांवर जपानी इंजिने आहेत, भातशेतीत चिनी टिलर आहेत, बागेत गवत कापायची यंत्रे कुठकुठली आहेत. यंत्र दारात आले की ते आपले झाले असे आपण समजतो. पण त्याचा एखादा भाग मोडला की कळते, त्याचे माहेर समुद्रापलीकडे आहे आणि तिथून माणूस बोलावणे सोपे नाही.

आधी हे पाहू, की दुकानात माल यायचा का थांबला. दुकानदाराने हात वर केले असे पत्रात रागाने लिहिले आहे. राग समजू शकतो, पण सगळा दोष त्याचा नसावा. २०२० सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारच्या परकीय व्यापार महासंचालनालयाने पॉवर टिलर आणि त्याचे मुख्य भाग, म्हणजे इंजिन, ट्रान्समिशन, चेसी आणि रोटाव्हेटर, खुल्या आयातीच्या यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत घातले. त्याआधी हा माल कोणीही आणू शकत असे. त्यानंतर सरकारी परवान्याची अट आली, आणि परवाना किती मिळणार तेही त्या व्यापाऱ्याने आदल्या वर्षी किती माल आणला होता त्याच्या प्रमाणात, आदल्या वर्षीच्या किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत. थोडक्यात, नळ बंद करून थेंब थेंब सोडला. देशी कारखान्यांना आधार मिळावा हा हेतू होता, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण ज्यांच्या गोठ्यात आधीच चिनी टिलर उभा होता, त्यांच्या स्पेअरचे काय, याचा विचार त्यात कमी झाला असे माझे मत आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे. केरळातील अथणी येथे १९७३ साली केरळ सरकारचा ‘कॅमको’ कारखाना निघाला, तो जपानच्या कुबोटा कंपनीच्या सहकार्याने. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्याच मित्सुबिशीशी हातमिळवणी करून टिलर काढले. हे टिलरही मुळात परदेशीच. पण जपान्यांकडून नुसते यंत्र न घेता ते बनवण्याची विद्या घेतली, म्हणून त्यांचे भाग या देशात ओतले जातात आणि घासले जातात. दोन टिलर शेजारी शेजारी उभे असतात, रंग वेगळा एवढाच फरक दिसतो. खरा फरक पहिला गिअर तुटल्यावर दिसतो.

आता त्या गिअरकडे वळू. पण परदेशी दुकान उघडण्याआधी एक काम घरच्या पडवीत बसून करायचे आहे. यंत्रावरचे आकडे वाचायचे. ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुष्कळांना वाटते की चिनी यंत्राचा प्रत्येक तुकडा चिनीच लागतो. तसे नसते. बेअरिंग घ्या. पुसून पाहिलेत तर कडेवर आकडा कोरलेला दिसेल, ६२०४, ६२०५, ६२०६ असा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये आले. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. (०४ च्या खालच्या आकड्यांना हा हिशोब चालत नाही, ते सोडा.) हे आकडे साऱ्या जगात एकच आहेत. चीनमध्ये ६२०५ आणि कणकवलीत ६२०५ यांत मापाचा फरक नाही. ऑइल सीलवरही तीन आकडे असतात, ३५-५२-७ असे काही. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा जाडी. व्ही-बेल्टवर ‘बी ५४’ असेल तर बी हा पट्ट्याच्या रुंदीचा प्रकार आणि ५४ ही आतली लांबी इंचांत. हे तिन्ही जिन्नस आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळण्याजोगे आहेत. त्यासाठी समुद्र ओलांडणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

इंजिनाचेही तसेच. चिनी लहान इंजिनांवर जो क्रमांक असतो तो नाव नसून माप असते. १७५ म्हणजे एक सिलिंडर आणि त्याचा व्यास ७५ मिलिमीटर. १८६ म्हणजे एक सिलिंडर, व्यास ८६. १९५ म्हणजे एक सिलिंडर, व्यास ९५. पेट्रोलवर चालणाऱ्या पुष्कळ फवारणी पंपांवर आणि कोळपणी यंत्रांवर १६८ लिहिलेले असते, म्हणजे ६८ मिलिमीटर. मागे-पुढे ‘आर’, ‘एस’, ‘एफ’ अशी अक्षरे असतात, ती इंजिनाचा घाट सांगतात. यातून काय कळले? तुमच्या लाल यंत्राचे आणि शेजाऱ्याच्या हिरव्या यंत्राचे नाव निराळे असले तरी दोन्हींवर १८६ एफ असेल तर इंजिन बहुधा एकाच जातीचे आहे. मग पिस्टन, रिंग, गॅस्केट ही त्या क्रमांकाने मागायची, यंत्राच्या नावाने नाही. दुकानदाराला ‘अमुक कंपनीच्या टिलरचा पिस्टन’ म्हणालात की तो नाही म्हणेल. ‘१८६ एफ चा पिस्टन’ म्हणालात तर कदाचित फळीवरून काढून देईल. तरी जुना पिस्टन बरोबर न्यायचाच, कारण पिनचे माप आणि उंची ताडून पाहावी लागते.

म्हणून तर पुस्तिका जपायची. यंत्राबरोबर भागांच्या चित्रांचे पातळ पुस्तक मिळते. त्यात प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असतो. पुष्कळ घरांत ते पुस्तक फळीवर डब्याखाली अंथरलेले मी पाहिले आहे. घरातल्या माउलीला माझी विनंती, रेशनकार्ड आणि सातबारा ज्या पेटीत आहे त्याच पेटीत हे पुस्तक ठेवा. एक दिवस सातबाऱ्याइतकेच शोधावे लागेल.

समजा सगळे आकडे वाचले, बाजार पालथा घातला, आणि खरोखरच तो भाग इकडे नाही. मग २,९०० रुपयांचा गिअर दारात कितीला पडेल, ते मांडून पाहू.

आंब्याच्या व्यापारात तुम्ही हे रोज पाहता. पेटीचा भाव बागेतला की वाशीच्या बाजारातला, हे आधी ठरवावे लागते. परदेशी मालाचेही तसेच. मोबाईलवर दिसणारी किंमत बागेतली. तिच्यात विमानाचे किंवा पोस्टाचे भाडे येते. समजा दुकानदाराने १,८०० रुपये भाडे सांगितले. पुतण्याने बेरीज केली, ४,७०० झाले. इथे बहुतेकांचा हिशोब संपतो, आणि सरकारचा सुरू होतो.

सीमाशुल्क, म्हणजे आपली जुनी आयात-जकात, नुसत्या वस्तूवर लागत नाही. वस्तूची किंमत, भाडे आणि विमा अशा तिघांच्या बेरजेवर लागते. विमानाने आलेल्या मालाचे भाडे कितीही असो, जकातीच्या हिशोबात ते मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. तेवढी सवलत आहे. म्हणजे २,९०० वर ५८० भाडे धरले. विमा उतरवलेला नसला तर सव्वा टक्क्याच्या किंचित खाली, १.१२५ टक्के धरतात, ते ३३ रुपये. झाले ३,५१३. आता जकातीचा दर मालाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून फक्त उदाहरणादाखल दहा टक्के धरू. ३५१ रुपये. त्या ३५१ वर पुन्हा दहा टक्के समाजकल्याण अधिभार धरला तर ३५. बेरीज ३,८९९. आता या साऱ्या बेरजेवर जीएसटी. तो अठरा टक्के धरला तर ७०२. म्हणजे जकातीवरही कर बसला, हे लक्षात आले का? सरकारचे एकूण १,०८८ रुपये. तुमच्या खिशातून २,९०० अधिक १,८०० अधिक १,०८८, म्हणजे ५,७८८ रुपये. त्यावर कुरियर कंपनी कागदपत्रांचे आपले शुल्क लावते आणि बँक परकीय चलनाचे आपले. सहा हजार धरून चला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

नोंदणीकृत व्यापारी असेल तर तो जीएसटीचे पैसे पुढे वळते करून घेतो. शेतकऱ्याला तशी सोय नाही, त्याचे गेले ते गेले.

भाड्याबद्दल एक गोष्ट राहिली. कुरियरवाले वजनावर पैसे घेतात खरे, पण काट्यावरच्या वजनावरच असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि सामान्यतः ५,००० ने भागतात. जे येईल ते किलो. काट्याचे आणि हे, यांत जे जास्त त्यावर भाडे. टिलरच्या बेल्टवरचे पत्र्याचे झाकण घ्या. वजन तीन किलो. पण खोके ६० बाय ४० बाय ३० चे. गुणाकार ७२,०००, भागिले ५,०००, म्हणजे १४.४ किलो. तीन किलोच्या पत्र्याला साडेचौदा किलोचे भाडे! असला भाग कधीही मागवू नका. पत्र्याचे काम आपल्या नाक्यावर वेल्डिंगवाला करतो. गिअर, नोझल, इंधनपंपाचा घटक, असे लहान आणि जड भागच काय ते मागवण्याजोगे.

‘मग बोटीने स्वस्त पडेल ना?’ असे कोणी विचारील. बोट स्वस्त असते ती कंटेनर भरणाऱ्याला. एका गिअरसाठी बोटीची वाट धरली तर भाडे थोडे, पण न्हावाशेवा बंदरात उतरल्यावर गोदामाचे भाडे, जहाज कंपनीच्या कागदाचे पैसे, सीमाशुल्क दलालाचे पैसे, मग इकडे येणारा ट्रक. माल सोडवायला उशीर झाला की गोदामाचे भाडे दिवसागणिक चढते. शिवाय समुद्रावर आपला ताबा नाही. २०२१ च्या मार्चमध्ये सुवेझ कालव्यात एक अजस्र जहाज आडवे पडले आणि सहा दिवस जगाचा व्यापार अडला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपकडून येणारी कितीतरी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. युरोपातला एखादा पंप आठवडे-पंधरवडे उशिरा आला तर त्यामागे असले काही असू शकते.

आता कायद्याकडे. हा भाग नीट वाचा, कारण इथे शेतकऱ्याची वाट इतरांपेक्षा वेगळी आहे.

परदेशातून माल आणायला आयात-निर्यात क्रमांक लागतो. त्याला व्यवहारात आय.ई.सी. म्हणतात. स्वतःच्या वापरासाठी वस्तू आणणाऱ्याला या क्रमांकाची सूट आहे. पण सूट देणाऱ्या नियमाचे शब्द पाहण्यासारखे आहेत : वापर वैयक्तिक हवा आणि तो व्यापार, कारखानदारी ‘किंवा शेती’ यांच्याशी निगडित नसावा. म्हणजे शहरातल्या हौशी माणसाने आपल्या जुन्या मोटारसायकलचा आरसा मागवला तर त्याला क्रमांक नको, आणि आपण भातशेतीच्या टिलरचा गिअर मागवला तर हवा! हे मला तरी रुचत नाही. पण नियम आहे तो आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे पार्सल अडकले तर रोज फोन करून जीव मेटाकुटीला येतो.

क्रमांक काढणे तसे अवघड नाही. पॅनकार्ड आणि बँक खाते लागते, अर्ज ऑनलाइन आहे, सरकारी शुल्क ५०० रुपये. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्या संकेतस्थळावर जाऊन माहिती बरोबर असल्याची नोंद करावी लागते. काही बदल नसला तरीही. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो. नेमका आपल्या पेरणी-लावणीच्या धांदलीचा काळ! एका गिअरसाठी प्रत्येक घराने हा व्याप करावा असे मी म्हणणार नाही. पण गावातली शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था हा क्रमांक काढू शकते. पंचक्रोशीत एकाच बनावटीचे आठ-दहा टिलर असतील तर दहा जणांची मागणी एकत्र करून एकदाच माल आणता येईल, आणि भाडेही वाटून जाईल. भाग निर्बंधित यादीत बसतो की नाही, हे मात्र संस्थेने मागणी देण्यापूर्वी सीमाशुल्क दलालाकडून लेखी विचारून घ्यावे. गिअर कुठल्या वर्गात मोडतो हे शेवटी बंदरावरचा अधिकारी ठरवतो. परदेशी दुकानदाराच्या ‘काही अडचण नाही’ या शब्दाला तिथे कवडीची किंमत नसते.

तो दुकानदार आणखी एक गोष्ट गोड बोलून सुचवील. ‘खोक्यावर भेटवस्तू असे लिहितो, किंमत कमी दाखवतो, जकात वाचेल.’ या वाटेने जाऊ नका. २०१९ च्या डिसेंबरात सरकारने भेटवस्तू म्हणून पोस्टाने किंवा कुरियरने येणाऱ्या मालाची जकातमाफी बंद केली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद राहिला. आता रक्षाबंधनाला टिलरचा गिअर कोण पाठवणार? खोटी किंमत लिहिलेली आढळली तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली माल जप्त होतो आणि दंड ज्याच्या नावावर पार्सल त्याला होतो. पाठवणारा समुद्रापलीकडे मजेत असतो.

पैसे कसे द्यायचे? बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सहसा बंदच असतो. २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवे कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येते, परदेशासाठी ते आपण मुद्दाम सुरू करावे लागते. काम झाले की पुन्हा बंद करा. कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात थेट पैसे पाठवू नका. ज्या बाजारपेठेत वस्तू न आल्यास पैसे परत करण्याची सोय आहे, तिथूनच घ्या. चिनी मालाचे ‘अलीएक्सप्रेस’ हे प्रसिद्ध दुकान २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या सरकारने बंद केले, त्यामुळे ‘मी तुम्हाला तिथून मागवून देतो, आधी पैसे टाका’ असे सांगणारा कोणी भेटला तर चार हात दूर राहा.

पार्सल निघाले की पोस्टाचा क्रमांक मिळतो. आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, मग पुन्हा दोन अक्षरे, असा तेरा चिन्हांचा. शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची. सी आणि एन असेल तर चीन, जे आणि पी असेल तर जपान. ही रीत सगळ्या देशांच्या टपाल खात्यांनी मिळून ठरवली आहे. त्यांचा संघ १८७४ सालचा, आणि भारत त्यात १८७६ पासून आहे. दुकानदाराने दिलेला क्रमांक या घाटाचा नसेल तर माल पोस्टाने निघालेला नाही, एवढे ओळखा. कुरियरचा क्रमांक निराळा असतो, तो त्या कुरियरच्याच नावाने तपासायचा. कुरियरवाले आधार किंवा पॅनची प्रत मागतात, ती मागणी रास्त आहे. पण प्रत देताना ती कुरियरच्या संकेतस्थळावरच द्या आणि तिच्यावर ‘फक्त या पार्सलसाठी’ असे लिहा.

याच ठिकाणी भामटे टपून असतात. दुपारी घरी एकटी म्हातारी माणसे असतात, फोन येतो, ‘तुमच्या नावाचे पार्सल कस्टममध्ये पकडले आहे, त्यात बेकायदा माल आहे, ताबडतोब पैसे भरा नाही तर अटक.’ कधी व्हिडिओवर खाकी कपड्यातला माणूसही दाखवतात. घरात खरोखरच एखादे पार्सल येणार असेल तर माणूस अशा वेळी लवकर फसतो. सीमाशुल्क खाते कोणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही आणि फोनवर अटकही करत नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. आणि दारात पोस्टमनने जकातीचे पैसे मागितले तर ते खरे असू शकतात, पण पावती पाहूनच द्या. घरातल्या सर्वांना आधी सांगून ठेवा की अमुक पार्सल यायचे आहे, तमुक पोस्टाने, अंदाजे इतके पैसे भरावे लागतील. कोणाला काही माहीत नसले की भामट्याचे फावते, नाही तर खरे पार्सल तरी परत जाते.

आखातात नोकरीला असलेल्या मुलाने सामानातून एखादा भाग आणला तर? आणू शकतो. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत जकात माफ असते. एक नोझल, एक गिअर कोणी अडवत नाही, पण एकसारखे दहा दिसले की तो व्यापार ठरतो. मात्र पेट्रोल-डिझेलचा वास येणारा जुना कार्ब्युरेटर किंवा पंप विमानात नेऊ देत नाहीत. नमुना म्हणून तिकडे पाठवायचा असेल तर तो पाठवू नका, त्याचा फोटो आणि मापे पाठवा.

आता मिरगाचा प्रश्न. मृग लागतो ७-८ जूनला. परदेशी पार्सलला विमानाने साधारण दोन ते तीन आठवडे धरा, आणि कागदावर शंका निघाली तर त्याच्या दुप्पट. म्हणजे रोहिणीत मागवलेला भाग लावणी उरकल्यावर यायचा. तरवा काही त्याच्यासाठी थांबत नाही. टिलर भाड्याने आणावा तर त्या दिवसांत प्रत्येकाला तो त्याच दिवशी हवा असतो. खरे पाहता गिअर एका दिवसात मरत नाही. भातकापणी झाल्यावर गिअरबॉक्सचे तेल एका पांढऱ्या थाळीत काढा आणि उन्हात धरा. चमचम करणारा लोखंडाचा कीस दिसला, लोहचुंबकाला चिकटला, तर पेटी तेव्हाच उघडा. पौषात कळले तर हातात पाच महिने असतात.

तर आमच्या शेतकरी बंधूंना माझे उत्तर असे. मागवण्याची घाई करू नका. तुटलेला गिअर आणि तो ज्याच्याशी फिरतो तो जोडीदार गिअर, दोन्ही फडक्यात गुंडाळून कोल्हापूरला घेऊन जा. तळेऱ्याहून वैभववाडी, गगनबावडा करून कोल्हापूर हा तुमचा सरळ रस्ता आहे. तिथल्या शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या इंजिनांच्या भागांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सरळ दातांचा गिअर असेल तर नमुन्यावरून बनू शकतो. जाण्यापूर्वी घरीच एक माप काढा. दात मोजा. समजा १८ आहेत. बाहेरचा व्यास मोजा, समजा ५० मिलिमीटर. दातांत दोन मिळवा, २०. पन्नासला वीसने भागा, अडीच. हे अडीच म्हणजे त्या गिअरचे ‘मोड्यूल’. कारागिराला एवढा आकडा सांगितलात की तो तुमच्याकडे आदराने पाहील. उत्तर गोल न येता तुटक आले तर दात झिजलेले असतील किंवा घडण निराळी असेल, ते तो पाहील. उडालेले दात वेल्डिंगने भरून घेऊ नका, ते एका पावसाळ्यातही टिकतील याचा भरवसा नाही. नवा गिअर कुठल्या पोलादाचा आणि त्याला पाणी कसे देणार, हे आधी विचारा. पाणी न दिलेला गिअर दिसतो छान, पण चिखलात महिनाभरात झिजतो. जोडीदार गिअरचे दातही खाल्लेले असतील तर जोडीच बदला. जुन्यावर नवा बसवला की जुना नव्याला खातो.

तिथे नाहीच जमले, किंवा दात तिरपे निघाले आणि कारागिराने नकार दिला, तर दुसरा मार्ग जुन्या टिलरचा. त्याच क्रमांकाच्या इंजिनाचे आणि त्याच घाटाच्या पेटीचे मोडीत निघालेले टिलर पंचक्रोशीत असतात. चार गावांत विचारा. परदेशी मागणी ही त्याच्यानंतरची पायरी, आणि तीही संस्थेमार्फत, क्रमांक काढून, परवान्याची बाब विचारून. हिशोबात भाग २,९०० चा न धरता सहा हजारांचा धरा.

मोटार-ट्रॅक्टरवाल्यांनी एक बदल ध्यानात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या पुष्कळ सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीच्या भावावरून ‘बाहेरून मागवलेले स्वस्त’ असा हिशोब कोणी केला असेल तर तो पुन्हा करावा.

यंत्रांविषयी पत्र लिहिताना नुसते ‘आमचा टिलर बिघडला’ असे लिहू नये. यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक, इंजिनावर ओतलेली अक्षरे, मोडलेल्या भागाची मापे आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला एक फोटो एवढे पाठवावे. फोटो काढण्यापूर्वी भाग डिझेलने धुऊन पुसावा, ग्रीसमध्ये आकडे दिसत नाहीत.